छिन्नमनस्कता आणि कालभान : समीक्षेतील एका रूपकाविषयी

मराठी कथात्म साहित्याच्या समीक्षेत गेली काही दशके एक शब्दप्रयोग चांगलाच रुळला आहे. ज्या कादंबरीत घटनांचा क्रम मोडलेला असतो, निवेदन पूर्वसूचनेवाचून भूतकाळातून वर्तमानात आणि वर्तमानातून स्वप्नात शिरते, वाक्ये मध्येच सोडून दिलेली असतात, तिच्याविषयी लिहिताना आपण 'छिन्नमनस्क कालानुभव', 'दुभंगलेले कालभान' अशी पदे सहजपणे योजतो. ती योजताना आपण एखाद्या आजाराविषयी विधान करीत आहोत याची जाणीव लिहिणाऱ्यास नसते आणि वाचणाऱ्यासही नसते. आधी नवकादंबरीच्या चर्चेत आणि पुढे उत्तर-आधुनिकतेच्या चर्चेत हे पद नाण्यासारखे हातोहात फिरत राहिले. त्यावरचा छाप कोणी निरखून पाहिला नाही. प्रस्तुत लेखकानेही ते वर्गात वीसएक वर्षे वापरले, विद्यार्थ्यांना वापरू दिले आणि उत्तरपत्रिकेत आढळले की त्याला गुणही दिले. तेव्हा या टिपणातील तक्रार सर्वप्रथम स्वतःविरुद्धच आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

तक्रारीला निमित्त घडले ते एका विद्यार्थिनीमुळे. ती वसई तालुक्यातील चिंचोटीची. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून कामण-भिवंडीकडे रस्ता फुटतो त्या फाट्याचे नाव मालवाहू गाड्यांच्या चालकांस ठाऊक असते, पावसाळ्यात धबधब्याकडे जाणाऱ्यांस ठाऊक असते. गाव म्हणून त्याची ओळख थोड्यांनाच. मागे तुंगारेश्वरचे डोंगर आणि पुढे रात्रंदिवस न थांबणारी वाहनांची रांग. समकालीन मराठी कादंबरीतील कालाचे उपयोजन हा तिचा पीएच.डी.चा विषय होता, आणि तिसऱ्या प्रकरणाच्या शीर्षकात अर्थातच ते पद होते. मीच सुचविलेले. तपासलेले प्रकरण परत घेतल्यावर ती काही वेळ बसून राहिली आणि म्हणाली, "सर, हा शब्द काढू का? माझ्या थोरल्या भावाला हा आजार आहे, बारा वर्षं झाली. त्याचा काळ या कादंबऱ्यांसारखा तुटलेला नाही. थांबलाय." रूपक आणि निदान यांत फरक असतो, असे काहीतरी उत्तर मी तिला त्या दिवशी दिले. ते आज मला आठवू नयेसे वाटते. उपमेय उजळण्यासाठी उपमान आधी परिचित असावे लागते, एवढे साधे अलंकारशास्त्र मी विसरलो होतो.

प्रथम शब्दाचा विचार करू. स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द १९०८ साली वापरात आणला आणि १९११ मध्ये त्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. त्यापूर्वी एमिल क्रेपलिन यांनी या विकारास 'अकाली बुद्धिभ्रंश' या अर्थाचे लॅटिन नाव दिले होते; ते सर्व रुग्णांस लागू पडत नाही असे ब्लॉयलर यांना आढळले. विचार, भावना आणि इच्छा यांना परस्परांशी बांधणारे दुवे सैल होतात, हे त्यांना सुचवावयाचे होते. एका माणसात दोन माणसे वास करतात, असे त्यांनी म्हटलेले नाही. आपल्याकडे मात्र ग्रीक धातूंचे शब्दशः भाषांतर होऊन 'छिन्नमनस्कता' आली आणि तिच्या मागोमाग, अधिक लोकप्रिय पण सर्वथा चुकीचे, 'दुभंग व्यक्तिमत्त्व' आले. 'छिन्न' या विशेषणात कुऱ्हाडीचा घाव आहे. जो शब्द सैल पडलेल्या गाठीविषयी बोलत होता तो मराठीत तुकड्यांविषयी बोलू लागला, आणि तुकड्यांचे आकर्षण असलेल्या समीक्षेने तो उचलला. जपानमध्ये 'मन फाटण्याचा आजार' या अर्थाचे नाव २००२ साली अधिकृतपणे बदलून 'एकात्मतेतील बिघाड' अशा आशयाचे नाव घेण्यात आले. दक्षिण कोरियाने २०११ साली स्वीकारलेले नाव तंतुवाद्याची तार जुळविण्याच्या कल्पनेवरून आले आहे. तानपुरा लावताना तार तुटलेली नसते, ती उतरलेली असते, हे आपल्याला समजावून सांगावे लागू नये.

आता कालाकडे वळू. वर्तमान क्षण म्हणजे सुरीच्या धारेसारखा लांबी-रुंदी नसलेला बिंदू नव्हे, त्यास काही विस्तार असतो, हे विल्यम जेम्स यांनी १८९० च्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात मांडले. जाणिवेच्या प्रवाहाची जी प्रतिमा पुढे कादंबरीच्या समीक्षेने घेतली ती तेथलीच. एडमुंड हुसेर्ल यांनी १९०५ च्या व्याख्यानांत (ती १९२८ मध्ये हायडेगर यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाली) या विस्ताराची रचना उलगडली. त्यांचे उदाहरण सुरावटीचे आहे. एक स्वर ऐकताना आधीचा स्वर विरून गेलेला असला तरी जाणिवेने तो सोडलेला नसतो, आणि पुढचा अजून आलेला नसला तरी त्याच्याकडे ती झुकलेली असते. या दोन अंगांसाठी आपल्याला परकी परिभाषा घडविण्याची गरज नाही. पहिल्यासाठी ध्वनिसिद्धान्तातील 'अनुरणन' हा शब्द आहे. घंटेचा टोल थांबल्यावर मागे राहणारा नाद. दुसऱ्यासाठी मराठीतच 'चाहूल' आहे. अनुरणन म्हणजे आठवण नव्हे, आणि चाहूल म्हणजे अंदाज किंवा योजना नव्हे. आठवण मुद्दाम काढावी लागते, योजना आखावी लागते. अनुरणन आणि चाहूल ही न काढता, न आखता असतात, आणि ती आहेत म्हणूनच आठवणे व आखणे शक्य होते.

मैफलीतील श्रोत्याचे उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. त्रितालाच्या सोळा मात्रांत नवव्या मात्रेवर खाली येते आणि तिथून समेची ओढ सुरू होते. गायक लांब तान घेऊन लयीशी कितीही खेळला, सम जवळ आली आहे असे भासवून निसटला, तरी श्रोत्याची मान योग्य क्षणी हलते. ती हलते कारण सम येण्याआधीच चाहुलीच्या रूपाने आलेली असते. कल्पना करावी की प्रत्येक मात्रा ऐकू येते आहे, श्रवणात काही उणे नाही, ठेका पाठ आहे, आणि तरीही ही ओढ नाही. तर मग सम पोचणार नाही, कोसळेल. प्रत्येक मात्रा तशीच कोसळेल. विसाव्या शतकातील ज्या मनोविकारतज्ज्ञांनी या आजाराचा आतून विचार केला, त्यांतील अनेकांनी, अलीकडे हायडेलबर्गच्या थॉमस फुक्स यांनी विशेषतः, या ओढीच्या सैल होण्याकडे बोट दाखविले आहे. स्वतःच्या मनात उमटणारा विचारही चाहुलीवाचून आला तर तो आपला वाटत नाही. कोणीतरी आत आणून ठेवल्यासारखा वाटतो. कानी पडणारे आवाज, आपल्यावर कोणाचा तरी ताबा असल्याची खात्री, या लक्षणांचा एक धागा येथे लागतो असे त्यांचे प्रतिपादन आहे. ही उपपत्ती आहे, अंतिम सत्य नव्हे. या आजाराची रूपे इतकी भिन्न आहेत की एकाच किल्लीने सर्व कुलपे उघडतील असे मानणे धाडसाचे ठरेल.

प्रयोगशाळेतील निष्कर्षही दखल घेण्याजोगे आहेत. रुग्णांना काळ वेगाने जातो असे वाटते की संथ, असा प्रश्न संशोधकांनी दीर्घकाळ विचारला आणि त्याची उत्तरे परस्परविरोधी मिळत राहिली. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्यांना अधिक ठामपणे आढळले ते वेगळेच : रुग्णांचे कालमापन एका बाजूस झुकण्यापेक्षा अस्थिर असते, एकच अवधी एकदा लांब, एकदा आखूड भासतो. दोन दृश्ये पडद्यावर अगदी थोड्या अंतराने दाखविली असता ती एकाच वेळी दिसली नाहीत हे ओळखण्यास रुग्णांना इतरांहून अधिक अंतर लागते, असे स्ट्रासबुर्ग येथील संशोधकांनी दाखविले आहे. आणखी एक प्रयोग मला विशेष बोलका वाटतो. स्वतःच्या हाताने स्वतःला गुदगुल्या होत नाहीत, कारण हाताच्या हालचालीबरोबरच तिच्या परिणामाची चाहूल मेंदूस लागलेली असते. लंडनमधील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या रुग्णांना आवाज ऐकू येत होते किंवा आपल्या कृतींवर दुसऱ्याचा ताबा वाटत होता, त्यांना स्वतःचा स्पर्श परक्याच्या स्पर्शाइतकाच तीव्र वाटला.

हे लक्षात घेतल्यावर आपल्या समीक्षेतील घोटाळा नेमका कोठे आहे ते दिसू लागते. बा. सी. मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' (१९४२) ही मराठीतील संज्ञाप्रवाही कादंबरीचा आद्य प्रयोग मानली जाते. तेव्हापासून आजवर या पद्धतीने लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या कालरचनेला आपण थोड्याफार फरकाने 'विस्कळित' म्हटले आहे. वस्तुतः संज्ञाप्रवाहाच्या तंत्रात घड्याळातील क्रम मोडलेला असतो, तो मोडण्यामागे मात्र जाणिवेचा प्रवाह अबाधित आहे हे गृहीत असते. एका वासावरून बालपण, बालपणावरून मृत्यू, मृत्यूवरून पुन्हा समोरची चहाची कपबशी अशी साहचर्याची साखळी तेथे चालते, आणि वाचक तिच्यामागून जाऊ शकतो तो अनुरणन आणि चाहूल दोन्ही शाबूत असल्यामुळेच. किंबहुना क्रमबद्ध निवेदनापेक्षा अशा निवेदनात त्यांच्यावर भार अधिक पडतो. म्हणजे ज्या तंत्राला आपण या आजाराचे वाङ्मयीन रूप समजलो ते त्याच्या अगदी उलट टोकाला उभे आहे. लेखक जे मोडतो ते जोडण्याची क्षमता त्याच्यात आणि वाचकात आहे. आजारात नेमकी तीच कुचंबते.

मग आजारातील काळ बाहेरून कसा दिसतो? यासंदर्भात युजीन मिन्कोव्स्की यांनी नोंदविलेली हकीकत मराठी वाचकांस फारशी परिचित नाही, म्हणून ती किंचित विस्ताराने सांगतो. मिन्कोव्स्की मूळचे पोलिश-ज्यू कुटुंबातील, ब्लॉयलर यांच्या संस्थेत काम केलेले आणि बर्गसाँच्या तत्त्वज्ञानाने प्रभावित. १९२२ साली ते एका सहासष्ट वर्षांच्या रुग्णाबरोबर त्याचे खासगी वैद्य म्हणून दोन महिने राहिले, रात्रंदिवस एकत्र. त्या गृहस्थांची खात्री होती की आपल्या अपराधांबद्दल आपणास भयंकर शिक्षा ठोठावली गेली आहे आणि ती आज रात्री अमलात येणार आहे. जगात जे जे उरते, काड्यापेटीतील जळक्या काड्या, सिगारेटची थोटके, राख, ते सर्व आपल्या पोटात कोंबले जाणार, असेही ते मानीत. समोर एखादी वस्तू आली की तिचे अवशेष ते मोजीत बसत. रात्र सरे, काहीच घडत नसे. सकाळी मिन्कोव्स्की म्हणत, पाहा, काल मी सांगितले होते तसेच झाले, तुम्ही सुखरूप आहात. हे त्यांना पटे. आणि काही वेळातच, कालचे काहीही हिशेबात न धरता, ते पुन्हा त्याच खात्रीने सांगू लागत की शिक्षा आज रात्री आहे. 

या हकीकतीत स्मरणशक्तीचा दोष नाही, हे मिन्कोव्स्की आवर्जून सांगतात. काल आठवतो. परंतु काल, परवा, तेरवा मिळून उद्याविषयी काही सांगत नाहीत. प्रत्येक दिवस समुद्रातल्या खडकासारखा सुटा. आपण भविष्याकडे ज्या ओढीने जातो ती ओढच थांबल्यामुळे भविष्य एकाच भिंतीच्या रूपाने समोर येऊन उभे राहते, आणि मग मनाला करण्यासारखे एवढेच उरते : मोजणे, रचणे, अवशेषांची यादी करणे. त्यांच्या 'जगलेला काळ' अशा अर्थाच्या १९३३ मधील ग्रंथात या प्रकरणाचे विवेचन आहे. चैतन्य आटले की त्या जागी भूमितीचा अतिरेक येतो, असे त्यांचे अन्यत्र म्हणणे आहे. हे विस्कळितपणाचे वर्णन खचितच नव्हे. यात तुकडे असतील तर ते ओळीत लावून ठेवलेले आहेत. (सदर गृहस्थांच्या आजारात विषण्णतेचाही मोठा अंश होता आणि मिन्कोव्स्कींनी तो मान्य केला आहे. एका रुग्णावरून सर्वांचा निवाडा करू नये ही सावधगिरी येथेही हवी.)

तर मग 'तुटलेल्या वर्तमानांची मालिका' ही कल्पना आपल्याकडे आली कोठून? माझ्या समजुतीप्रमाणे तिचा एक मोठा स्रोत फ्रेडरिक जेमसन आहेत. उत्तर-आधुनिकतेवरील १९८४ च्या त्यांच्या निबंधात लाकाँच्या आधाराने स्किझोफ्रेनियाची चर्चा येते : अर्थसूचकांची साखळी तुटली की परस्परसंबंध नसलेले सुटे वर्तमान उरतात, आणि समकालीन संस्कृतीचा कालानुभव असाच आहे. आपण हे वर्णनासाठी वापरीत आहोत, निदान म्हणून नव्हे, अशी कबुलीही जेमसन यांनी तेथेच दिली आहे. मराठीत त्यांचे प्रतिपादन आले, कबुली वाटेत गळली. त्याआधी १९७२ साली दलझ आणि ग्वात्तारी यांनी भांडवलशाहीच्या चौकटी उधळणारी शक्ती म्हणून हाच शब्द गौरविला होता. त्यांनाही रुग्णालयातला रुग्ण अभिप्रेत नव्हता. बंडखोर, सीमा ओलांडणारा, काळाच्या जाचातून सुटलेला असा एक कल्पित वेडा या वाटेने आपल्या परिसंवादांत येऊन बसला. त्याला औषधाची वेळ सांभाळावी लागत नाही आणि त्याची बहीण नोकरी सांभाळून दर महिन्याला त्याला घेऊन दोन वाहने बदलत तपासणीस जात नाही.

सुट्या प्रसंगांतून काळ मांडण्याची जुनी रीत मराठीस पुरती परिचित आहे, हेही यानिमित्ताने लक्षात घ्यावयास हवे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी संकलित केलेल्या गोविंदप्रभूंच्या चरित्रात लीळा एकापुढे एक येतात. पुष्कळदा एकीतून दुसरी निघत नाही. आणि चरित्रनायकाला रिद्धपूरचे लोक वेडे, पिसे म्हणतात हे त्या ग्रंथातच वारंवार नोंदलेले आहे. गोविंदप्रभूंचे रुसवे, हट्ट, अनपेक्षित कृती वाचून आधुनिक अभ्यासकास निदानाचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो आवरावा. सातशे वर्षांपूर्वीच्या व्यक्तीस तपासणीच्या खोलीत बसविता येत नाही, आणि बसविण्याने ग्रंथाच्या वाचनात काही भरही पडत नाही. महत्त्वाचे आहे ते असे की, लीळा सुट्या असूनही ग्रंथ विखुरत नाही. कोणी पाहिले, कोठे घडले, कोणापासून ऐकले, याची राखण भोवतीच्या अनुयायांनी केली आहे. ज्याच्या काळाला स्वतःची दोरी दिसत नाही त्याच्यासाठी ती इतरांनी धरली आहे, आणि गाव त्याला वेडा म्हणत म्हणत जेवू घालतो आहे. सुटे प्रसंग आणि वेड ही दोन्ही एकाच ग्रंथात असूनही पहिले दुसऱ्याचे लक्षण नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

आधुनिक काळात या आजाराशी थेट भिडण्याचा मराठीतील ठळक प्रयत्न कादंबरीत झाला नाही, चित्रपटात झाला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४). कॅलगरी येथे संख्याशास्त्राचे अध्यापन केलेल्या जगन्नाथ वाणी यांनी, पत्नीच्या आजाराच्या दीर्घ अनुभवानंतर, १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची स्थापना केली होती. या चित्रपटामागेही त्यांचा पुढाकार होता. अतुल कुलकर्णी यांनी रंगविलेल्या नायकाचे नाव शेष आहे. मिन्कोव्स्कींचा रुग्ण अवशेष मोजीत होता हे आठवून हे नाव वाचले की क्षणभर थबकायला होते, पण तो योगायोगच समजावा. शेषच्या मनात गावची देवराई आहे : जेथील काटकी तोडायची नाही, जेथे बाहेरच्या काळाचा शिरकाव नाही असे राखीव रान. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातील अशा देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतील पुष्कळ नष्टप्राय होत होत्या. चित्रपटाचे निवेदन पुण्यातील वर्तमान आणि कोकणातील भूतकाळ यांत ये-जा करते. ही ये-जा प्रेक्षकासाठी आहे, त्याला पूर्वेतिहास कळावा म्हणून. आजाराचा काळ मला तिच्यात जाणवला नाही. तो जाणवला शेषच्या एकाच गोष्टीकडे पुनःपुन्हा परतण्यात, आणि त्याहूनही अधिक सोनाली कुलकर्णी यांनी उभ्या केलेल्या बहिणीच्या थकव्यात. तिला दोन काळ एकाच घरात सांभाळावे लागतात. जयवंत दळवींच्या 'बॅरिस्टर'मध्ये घराण्यातील वेडाची टांगती तलवार आहे. तेथील काळ भीतीचा आहे आणि म्हणून तो चाहुलींनी गच्च भरलेला आहे. नाट्य म्हणून तो प्रभावी ठरतो. आजारातील काळाशी त्याची गल्लत मात्र आपण करू नये.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. काही दिवसांनी ती विद्यार्थिनी भावाच्या संमतीने त्याची एक शंभर पानी वही घेऊन आली. तीतील एकही ओळ मी येथे देणार नाही. ती छापण्यासाठी लिहिलेली नाही. फक्त व्याकरणाविषयी बोलतो. वही नीटनेटकी होती, अक्षर सुवाच्य, समास आखलेले. तुटलेले वाक्य मला एकही आढळले नाही. बहुतेक प्रत्येक वाक्य 'आहे'ने संपत होते. वाहनांची नोंद आहे, रंगांची आहे, खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराची आहे. दहाबारा पाने वाचल्यावर माझ्या ध्यानात आले की वहीत 'ऊन'प्रत्ययान्त रूपे जवळजवळ नाहीत. उठून, तोंड धुऊन, चहा घेऊन, दार लोटून तो निघाला, असे वाक्य कोणीही मराठी माणूस बोलता बोलता तयार करतो, आणि त्या एका वाक्यात अख्खी सकाळ ओवली जाते. प्रत्येक 'ऊन' पुढच्या क्रियापदाची चाहूल देत असतो. वहीतील प्रत्येक क्रिया आपल्या पूर्णविरामात बंद होती.

दुसरी गोष्ट तिनेच सांगितली. आई जेवायला हाक मारते तेव्हा आपण सर्व जण बसल्या जागेवरून 'आलो' म्हणतो. अजून उठलेलोही नसतो, तरी भूतकाळ वापरतो. मराठीचे हे वैशिष्ट्य वैयाकरणांस परिचित आहे : निकटच्या भविष्याविषयी इतकी निश्चिती असते की ते घडून गेल्यासारखे बोलले जाते. भाऊ हाकेला उत्तर देतो, येतोही, पण 'आलो' म्हणत नाही. 'येणार आहे' म्हणतो. घरात या गोष्टीचे कोणाला काही वाटत नसे. तिला वाटू लागले ते प्रबंधाच्या कामामुळे, आणि त्याबद्दल तिला थोडे अपराधीही वाटत होते, असे ती म्हणाली.

एका वहीवरून आणि एका हाकेवरून सिद्धान्त उभारता येत नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे. औषधांमुळे येणारी सुस्ती, शिक्षण अर्धवट सुटलेले असणे, एकटेपणा, यांपैकी कशाचाही परिणाम भाषेवर होऊ शकतो. परंतु अभ्यासाची दिशा यातून दिसते. इंग्रजीपुरते बोलायचे तर शेरी रोचेस्टर आणि जे. आर. मार्टिन यांनी १९७९ मध्येच रुग्णांच्या संभाषणातील वाक्यांना जोडणारे दुवे तपासणारा ग्रंथ लिहिला आहे. मराठीसारख्या धातुसाधितांनी समृद्ध भाषेत असा अभ्यास व्हावयास हवा, आणि तो मनोविकारतज्ज्ञांच्या सहकार्याने, रुग्णांच्या व कुटुंबियांच्या संमतीने, मराठी विभागांनीच हाती घ्यावयास हवा. काळ, अर्थ, प्रयोग यांची जाण ज्यांना आहे त्यांनी उपमा शोधण्यापलीकडे काही करता येते का ते पाहावे. रुग्णाच्या उपचाराची जबाबदारी डॉक्टरांची. पण त्याच्या वाक्यात काय नाही हे ओळखण्याचे काम आपल्या विषयाच्या कक्षेत येते.

तिच्या घरी शेती थोडी उरली आहे. बाकीच्या जमिनींवर परिसरात कारखाने, गोदामे उभी राहिली. ती सांगत होती की भाऊ एरवी खिडकीपाशी असतो. तारीख-वार विचारले तर बरोबर सांगतो, पण त्या तारखेचे त्याला काही करायचे नसते. आवणीच्या दिवसांत मात्र तो सर्वांबरोबर चिखलात उतरतो. मूठ घेणे, रोप खोचणे, मागे सरकणे, पुन्हा मूठ. शेजारच्या हातांच्या गतीने त्याचा हात चालतो. ओळ संपली की तो थांबतो आणि कोणी सांगेपर्यंत तसाच उभा राहतो. यात बरे होण्याची काही खूण आहे असे तिचे म्हणणे नव्हते, माझेही नाही. मैफलीत शेजारचा श्रोता मांडीवर ताल धरतो तेव्हा तालाचे फारसे ज्ञान नसलेल्यासही सम सापडते, एवढे मला त्यावरून आठवले.

तिसऱ्या प्रकरणाचे शीर्षक आम्ही बदलले. मजकुरात ते पद अकरा ठिकाणी होते. सात ठिकाणी 'क्रमभंग' या साध्या शब्दाने काम भागले आणि विवेचन अधिक नेमकेही झाले. तीन ठिकाणी ते वाक्यच अनावश्यक आहे असे दिसून आले. उरलेले एक ठिकाण एका कादंबरीतील निवेदकाविषयी होते, ज्याच्यापुढे दिवस येतात पण पोचत नाहीत. तेथे कोणता शब्द घालावा यावर आमचे एकमत झाले नाही. मौखिकीत बहिःस्थ परीक्षकांनी नेमके तेच पान उघडून, येथे प्रचलित संज्ञा का टाळली, असे विचारले. तिने घरचा उल्लेख केला नाही. ती संज्ञा ज्याला लागू पडते असा माणूस मला माहीत आहे आणि हा निवेदक तसा नाही, एवढेच ती म्हणाली. परीक्षकांनी पान उलटले.